धावणाऱ्यांची मंद नाडी

वैद्य रोग्याच्या मनगटावर बोटे ठेवतो आणि घरातील सारी माणसे त्याच्या मुद्रेकडे टक लावून पाहू लागतात, हे दृश्य आपल्या समाजाला पिढ्यान्‌पिढ्या परिचयाचे आहे. नाडी जलद चालली तर ताप, अडखळली तर चिंता आणि मंदावली तर अखेर जवळ आली, अशी सर्वसामान्य समजूत. ‘नाडी मंदावली’ एवढे शब्द कानी पडताच आप्तांचा धीर सुटतो. परंतु हीच मंद नाडी एखाद्या धडधाकट, रोज पहाटे दोन-तीन कोस धावून येणाऱ्या माणसाच्या मनगटावर आढळली, तर तिचा अर्थ काय करावयाचा? मिनिटाला चाळीस-पंचेचाळीस ठोके, आणि माणूस तर तीन मजले धाप न लागता चढून येतो. त्याला भोवळ नाही, थकवा नाही, झोप उत्तम. तरीही नोकरीच्या वा विम्याच्या तपासणीत डॉक्टरांच्या कपाळाला आठी पडते आणि माणूस शंकाकुल होऊन घरी परततो. प्रश्न दिसावयास लहान आहे. परंतु त्याचे नीट उत्तर मिळण्यास वैद्यकशास्त्राला शंभराहून अधिक वर्षे खर्चावी लागली, आणि तेवढ्या अवधीत कित्येक निरोगी माणसांवर रोगाचा शिक्का बसला.

आपल्याकडे नाडीपरीक्षेचे व्यवस्थित विवेचन प्रथम आढळते ते शार्ङ्गधराच्या संहितेत. चरक-सुश्रुतांनी ज्याचा विस्तार केला नव्हता, तो विषय या मध्ययुगीन ग्रंथकाराने थोडक्या श्लोकांत मांडला. वाताची नाडी जळू किंवा सर्पाच्या गतीने चालते, पित्ताची कावळा वा बेडकाप्रमाणे उड्या घेते, कफाची हंस आणि पारवा यांच्या संथ चालीने जाते, असे त्याचे वर्णन आहे. ज्याचा अग्नी मंद झाला आहे, ज्याचे धातू क्षीण झाले आहेत, त्याची नाडी अधिक मंद होते, असे त्याने म्हटले. तसेच भुकेल्या माणसाची नाडी चपळ आणि तृप्त माणसाची स्थिर असते, हेही त्याने नोंदले. म्हणजे नाडी केवळ मंद आहे की जलद, एवढ्यावर हा ग्रंथकार थांबला नाही. ती कोणाची, कोणत्या वेळची आणि किती बळाची, हे त्याला पाहावयाचे होते. जुन्या वैद्यांपाशी घड्याळ नव्हते. म्हणूनच त्यांना गतीपेक्षा चालीकडे अधिक लक्ष द्यावे लागले.

नाडी मोजण्याची कल्पना मात्र पश्चिमेकडे वाढीस लागली. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रिया नगरीतील हिरोफिलस याने पाण्याच्या घटिकायंत्राने नाडी मापण्याचा प्रयत्न केला होता. सतराव्या शतकाच्या प्रारंभी इटलीतील सांतोरिओ या वैद्याने दोऱ्याला टांगलेल्या लंबकाचा उपयोग केला. लंबकाचा झोका नाडीशी जुळेपर्यंत दोरा लांब-आखूड करावयाचा आणि दोऱ्याची लांबी टिपून ठेवावयाची, अशी ती युक्ती. १६२८ साली विल्यम हार्वे याने रक्ताभिसरणाचा सिद्धांत मांडला आणि नाडीचा प्रत्येक ठोका म्हणजे हृदयाचे एक आकुंचन, हे निश्चित झाले. त्यानंतर १७०७ साली लिचफील्ड येथील जॉन फ्लॉयर या डॉक्टरने बरोबर एक मिनिट चालून थांबणारे घड्याळ करवून घेतले आणि त्यावर नाडी मोजण्याचा ग्रंथच प्रसिद्ध केला. मिनिटाचा हिशेब रूढ होण्यास पुढे बराच काळ गेला. परंतु एकदा तो रूढ झाल्यावर नाडी ही चाल न राहता आकडा बनली. आकडा आला की त्याच्यापाठोपाठ सीमा येते. साठ ते शंभर ही निरोगी माणसाची मर्यादा ठरली आणि साठाच्या खाली उतरणाऱ्या प्रत्येक नाडीकडे संशयाने पाहिले जाऊ लागले.

या संशयाला सबळ कारणही होते. १८२७ साली डब्लिनमधील रॉबर्ट अ‍ॅडम्स याने आणि १८४६ साली त्याच नगरातील विल्यम स्टोक्स याने अशा रोग्यांची वर्णने प्रसिद्ध केली की, ज्यांची नाडी कायमची अतिमंद होती आणि जे चालता-बोलता एकाएकी बेशुद्ध होऊन कोसळत. त्यांच्या आजाराला पुढे या दोघांचीच नावे मिळाली. मंद नाडी म्हणजे मूर्च्छा, आणि मूर्च्छा म्हणजे केव्हाही येणारा मृत्यू, हे समीकरण डॉक्टरांच्या मनात तेव्हापासून घर करून बसले. हे रोगी खरोखरच गंभीर होते. पण ज्यांची नाडी मंद असूनही जे कधीच कोसळत नव्हते, ते डॉक्टरांकडे जाण्याचे कारणच नव्हते. रुग्णालयाच्या दारातून जे आत आले तेवढेच शास्त्राला दिसले, आणि त्यांवरून साऱ्या मंद नाडीचा निवाडा झाला.

याच सुमारास इंग्लंडात विद्यापीठांच्या नौकाशर्यतींना बहर आला होता. ऑक्सफर्ड आणि केंब्रिज यांच्यातील पहिली शर्यत १८२९ साली झाली. हजारो लोक थेम्सच्या काठी गर्दी करीत. परंतु जाणत्या मंडळींना वाटे की, इतके भयंकर श्रम करणाऱ्या तरुणांचे हृदय लवकरच निकामी होईल. १८६७ साली फ्रेडरिक स्के या नामांकित शस्त्रवैद्याने लंडनच्या ‘टाइम्स’मध्ये पत्र लिहून या शर्यतीपासून तरुणांच्या प्रकृतीस धोका असल्याचा इशारा दिला. त्याला उत्तर देण्याचे काम जॉन मॉर्गन या डॉक्टरने हाती घेतले. तो स्वतः एकेकाळी वल्हे मारलेला. त्याने वादविवाद केला नाही. १८२९ पासून १८६९ पर्यंत शर्यतीत उतरलेल्या सुमारे तीनशे जणांचा त्याने शोध घेतला. जे हयात होते त्यांना आणि जे निवर्तले होते त्यांच्या आप्तांना पत्रे पाठविली, आणि सर्वांची हकीकत १८७३ साली पुस्तकरूपाने मांडली. निष्कर्ष असा निघाला की, हे वल्हेकरी अल्पायुषी तर नव्हतेच, उलट विमा कंपन्यांच्या कोष्टकांत अपेक्षिलेल्या आयुष्यापेक्षा अधिक जगत होते. भीतीला मोजणीने दिलेले हे पहिले मोठे उत्तर होय.

दुसरे उत्तर आले स्वीडनमधून. उप्साला येथील प्राध्यापक सॉलोमन हेन्शेन यांनी बर्फावर स्कीच्या लांब पट्ट्या पायांना बांधून शर्यत धावणाऱ्यांची तपासणी केली. क्ष-किरणांचा शोध लागून चारच वर्षे झाली होती. हेन्शेन यांनी आपल्या बोटांवरच भरवसा ठेवला. छातीवर बोटांनी ठोकून, आवाज कोठे भरीव येतो व कोठे पोकळ, यावरून त्यांनी हृदयाची सीमा आखली. या खेळाडूंचे हृदय इतरांपेक्षा मोठे होते. तोवर मोठे हृदय म्हणजे थकलेले, ताणून सैल पडलेले हृदय, असाच समज होता. हेन्शेन यांनी १८९९ साली निराळे मत दिले: हे हृदय श्रमाने वाढले आहे, ते सामान्य हृदयापेक्षा अधिक काम करू शकते आणि म्हणून ते दोषाचे नसून सामर्थ्याचे लक्षण आहे. त्याच वर्षी अमेरिकेत हार्वर्डच्या वल्हेकऱ्यांची तपासणी करणाऱ्या यूजीन डार्लिंग यालाही असेच मोठे हृदय आढळले. ‘खेळाडूचे हृदय’ ही संज्ञा येथून रूढ झाली. मात्र तिचा अर्थ काय, यावर पुढे पन्नास वर्षे वाद चालू राहिला.

मोठे हृदय आणि मंद नाडी यांचा संबंध समजण्यास विहिरीवरचा साधा दाखला पुरे आहे. हौद भरावयाचा आहे. ज्याच्या हाती लहान कळशी आहे त्याला खेपा अधिक, ज्याच्या हाती मोठी घागर आहे त्याला खेपा थोड्या. स्वस्थ बसलेल्या माणसाच्या शरीराला मिनिटाला सुमारे पाच लिटर रक्त लागते. सामान्य हृदय एका ठोक्यात सुमारे सत्तर मिलिलिटर रक्त पुढे ढकलते, म्हणून त्याला सत्तर-बहात्तर ठोके द्यावे लागतात. सरावाने ज्याचा डावा कप्पा प्रशस्त झाला आहे, ते हृदय एका ठोक्यात सव्वाशे मिलिलिटर ढकलते. त्याचे काम चाळीस ठोक्यांत भागते. दिवसाचा हिशेब केला तर एकाचे ठोके १,०३,६८० होतात आणि दुसऱ्याचे ५७,६००. दोघांनाही रक्त मिळते तेवढेच. खरा फरक दिसतो तो श्रमाच्या वेळी. धावताना दोघांचेही ठोके जवळजवळ सारख्याच कमाल मर्यादेपर्यंत चढतात; पण घागर मोठी असलेला माणूस त्याच वेळात कितीतरी अधिक रक्त स्नायूंकडे पोहोचवितो. विश्रांतीची मंद नाडी ही या राखीव बळाची खूण असते.

घागर मोठी झाली हे खरे. पण खेपा कमी करा, असा हुकूम हृदयाला कोण देतो? या प्रश्नाचा इतिहासही मनोवेधक आहे. १८४५ साली एर्न्स्ट आणि एडुआर्ड वेबर या जर्मन बंधूंनी दाखवून दिले की, मेंदूकडून छातीत उतरणाऱ्या व्हेगस नावाच्या मज्जातंतूस विजेची चेतना दिली की हृदय मंदावते, क्वचित थांबतेही. मज्जातंतू म्हणजे स्नायूला चेतविणारा, अशीच तोवरची कल्पना. हा तंतू मात्र लगाम खेचीत होता. पुढे १९०७ साली आर्थर कीथ आणि मार्टिन फ्लॅक यांनी हृदयाच्या उजव्या वरच्या कप्प्यातील ती सूक्ष्म गाठ प्रसिद्ध केली, जेथून प्रत्येक ठोक्याचा आरंभ होतो. केंट परगण्यातील खेड्यात, चिचुंदरीसारख्या बीळ करून राहणाऱ्या एका चिमुकल्या प्राण्याच्या हृदयात ती प्रथम त्यांच्या नजरेस आली होती. या गाठीला बाहेरची कोणतीच आज्ञा मिळाली नाही, तर तरुण माणसाचे हृदय मिनिटाला शंभराहून थोडे अधिक ठोके देते. म्हणजे ज्याला आपण सर्वसाधारण नाडी म्हणतो, तीदेखील व्हेगसने लगाम खेचून आणलेली मंद नाडीच होय.

हा लगाम कसा ओढला जातो याचा उलगडा ग्रात्झ येथील ऑटो लोवी यांनी १९२१ साली केला. प्रयोगाची कल्पना त्यांना स्वप्नात सुचली. अर्धवट झोपेत काहीतरी खरडून ते पुन्हा झोपले; सकाळी आपलेच अक्षर त्यांना लागेना. दुसऱ्या रात्री तेच स्वप्न पडले, तेव्हा त्यांनी विलंब न लावता प्रयोगशाळा गाठली. बेडकाच्या एका हृदयाचा व्हेगस त्यांनी चेतविला आणि त्या हृदयाभोवतीचे द्रव्य दुसऱ्या हृदयावर सोडले. दुसऱ्या हृदयाला कोणत्याही तंतूचा स्पर्श नसता तेही मंदावले. तंतू आपले काम एका रासायनिक पदार्थाच्या द्वारे करतो, हे त्यावरून सिद्ध झाले. या कामगिरीबद्दल १९३६ साली त्यांना हेन्री डेल यांच्यासमवेत नोबेल पारितोषिक मिळाले.

व्हेगसचा हा लगाम इच्छेच्या ताब्यात येतो काय, ही जिज्ञासा परदेशी शास्त्रज्ञांना आपल्या देशात घेऊन आली. वेंगर आणि बागची या अमेरिकेतील संशोधकांनी दिल्लीच्या डॉ. आनंद यांच्यासह हृदय थांबविल्याचा दावा करणाऱ्या योगाभ्यासी पुरुषांची यंत्रांनी परीक्षा केली. तिचा वृत्तांत १९६१ साली प्रसिद्ध झाला. छातीत दाब निर्माण करून श्वास रोधला की मनगटावरची नाडी लुप्त होई, पण विद्युत्‌आलेखात हृदयाचे काम चालूच असलेले दिसे. एकाला मात्र आपले हृदय थोडा वेळ खरोखर मंद करता आले. ही क्षणिक मंदता आणि धावणाऱ्याच्या हृदयाची अष्टौप्रहर टिकणारी मंदता या निरनिराळ्या गोष्टी आहेत. पहिली प्रयत्न चालू असेतोवर राहते. दुसरी वर्षानुवर्षांच्या श्रमाने शरीराच्या घडणीतच उतरते.

शास्त्र प्रयोगशाळेत असे पुढे सरकत असता तपासणीच्या खोलीत मात्र जुनीच भीती नांदत होती. तिची किंमत क्लॅरेन्स डी-मार या अमेरिकन धावपटूच्या चरित्रात दिसते. डी-मार हा छापखान्यात काम करणारा साधा माणूस. १९११ साली बोस्टनच्या मॅरेथॉन शर्यतीपूर्वी डॉक्टरांनी त्याची छाती तपासली, त्यांना हृदयातून कुजबुजल्यासारखा ध्वनी ऐकू आला आणि ही शर्यत शेवटचीच समज, असा सल्ला त्यांनी दिला. त्याच दिवशी डी-मारने ती शर्यत जिंकली. परंतु शब्द मनात रुतून बसला. पुढील दहा वर्षांत, म्हणजे धावपटूच्या ऐन उमेदीच्या काळात, तो या शर्यतीत क्वचितच उतरला. त्याला इतरही कारणे होती, तरी डॉक्टरांचा इशारा त्यांतले एक मोठे कारण होते. १९२२ साली तो परत आला आणि पुन्हा पहिला आला. त्यानंतर १९२३, १९२४, १९२७, १९२८ आणि १९३० या वर्षीही त्याने ती शर्यत जिंकली. अखेरच्या विजयाच्या वेळी त्याचे वय एकेचाळीस होते. एकंदर सात विजय. मधली वर्षे वाया गेली नसती तर किती झाले असते, हा प्रश्न आता निरुत्तरच राहावयाचा. साठी उलटल्यावरही तो धावत होता. १९५८ साली तो निवर्तला तो कर्करोगाने. बोस्टनचे प्रख्यात हृद्रोगतज्ज्ञ पॉल डडली व्हाइट आणि त्यांचे सहकारी जेम्स करन्स यांनी त्याच्या शवचिकित्सेचा वृत्तांत १९६१ साली प्रसिद्ध केला. ज्या हृदयाने अर्धशतकापूर्वी भय घातले होते, त्याला रक्त पुरविणाऱ्या धमन्या सामान्य माणसाच्या धमन्यांपेक्षा दोन ते तीन पट रुंद निघाल्या.

व्हाइट यांचे नाव या विषयाशी वारंवार येते. १९५५ साली राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांना हृदयविकाराचा झटका आला, तेव्हा त्यांच्या उपचारासाठी पाचारण झाले ते याच डॉक्टरांना. आणि झटका आलेल्या माणसाला कायमचे अंथरुणात खिळवून ठेवू नये, असा त्यांचा आग्रह होता. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीसच त्यांनी मॅरेथॉन धावून आलेल्यांच्या नाडीचा अभ्यास केला होता. १९४२ साली त्यांनी दूर पल्ल्याच्या धावपटूंमध्ये मिनिटाला चाळिसाच्याही खाली गेलेली नाडी आढळते, हे स्वतंत्र लेखात नोंदविले आणि ती रोग समजू नये असे सुचविले. तत्पूर्वी १९२८ च्या ॲमस्टरडॅम ऑलिंपिकमध्ये मँचेस्टरचे क्रायटन ब्रॅमवेल आणि त्यांचे सहकारी एलिस यांनी निरनिराळ्या खेळांतील खेळाडूंची तपासणी केली, तेव्हा सर्वांत मंद नाडी मॅरेथॉन धावणाऱ्यांचीच आढळली होती. वजन उचलणारा, कुस्ती खेळणारा आणि लांब धावणारा यांची हृदये एकाच साच्याची नसतात, हे १९७५ साली मॉर्गनरॉथ व त्यांच्या सहकाऱ्यांनी ध्वनिलहरींच्या साहाय्याने स्पष्ट केले. धावणाऱ्याचे हृदय आतून प्रशस्त होते. बळाचे खेळ खेळणाऱ्याच्या हृदयाची भिंत जाड होते. आखाड्यातील मल्लाची नाडी धावणाऱ्याइतकी मंद नसली तर त्यात त्याचे न्यून नाही.

मॅरेथॉनचा उल्लेख आला की बेळगावकरांना आपल्या फडेप्पा चौगुले यांचे स्मरण झाल्यावाचून राहात नाही. १९१९ साली पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या सामन्यांत शेतकरी कुटुंबांतील तरुण अनवाणी धावताना सर दोराबजी टाटा यांनी पाहिले आणि ही माणसे जगाच्या स्पर्धेत उतरू शकतील, अशी त्यांची खात्री पटली. त्यातूनच पुढील वर्षी अँटवर्पला भारतीय संघ गेला. तेथील मॅरेथॉनचे अंतर ४२.७५ किलोमीटर, म्हणजे आजच्या ठराविक अंतरापेक्षाही थोडे अधिक होते. चौगुले यांनी ते २ तास ५० मिनिटे ४५ सेकंदांत तोडले आणि एकोणिसावा क्रमांक मिळविला. ज्या दमाच्या हृदयाला युरोपातील डॉक्टर कुतूहलाने आणि काहीशा भीतीने तपासत होते, ते हृदय शेतावरच्या कष्टांनी आणि पायी तुडविलेल्या कोसांनी आपल्याकडेही घडत होते. त्याला कोणी नाव दिले नव्हते, एवढेच.

हे गुण कमावलेले असतात आणि म्हणूनच गमावताही येतात. १९६६ साली अमेरिकेत डॅलस येथे पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे अंथरुणात झोपवून ठेवण्यात आले. त्यांची विश्रांतीची नाडी जलद झाली, एका ठोक्यातले रक्त घटले आणि श्रम करण्याची शक्ती पार ढासळली. नंतरच्या व्यायामाने ती भरून आली. तीस वर्षांनी त्याच पाच जणांची पुन्हा तपासणी झाली, तेव्हा असे दिसले की तीन आठवड्यांच्या सक्तीच्या विश्रांतीने जेवढी हानी केली होती, तेवढी तीस वर्षांच्या वाढत्या वयानेही केलेली नव्हती. निरोगी माणसाला केवळ नाडीच्या आकड्यावरून खाटेवर बसविण्याने काय होते, ते यावरून कळावे.

परंतु एका चुकीतून निघून दुसऱ्या चुकीत पडणे मनुष्यस्वभावास धरून आहे. मंद नाडी म्हणजे रोग, हा हट्ट सुटला. त्याच्या जागी मंद नाडी म्हणजे उत्तम प्रकृती, हा अभिमान येऊ पाहतो. डब्लिनच्या त्या दोन डॉक्टरांनी वर्णिलेले रोगी काही काल्पनिक नव्हते. १९०६ साली जर्मनीत काम करणाऱ्या सुनाओ तावारा या जपानी संशोधकाने हृदयाच्या वरच्या आणि खालच्या कप्प्यांना जोडणाऱ्या विद्युत्‌मार्गाची रचना उलगडली, तेव्हा त्यांच्या मूर्च्छेचे कारण समजले: आज्ञा निघते, पण वाटेत अडते. अशा रोग्यांना खरा दिलासा मिळाला तो ८ ऑक्टोबर १९५८ रोजी. त्या दिवशी स्वीडनमध्ये आके सेनिंग या शस्त्रवैद्याने रूने एल्मक्विस्ट या यंत्रविशारदाने बनविलेला गतिनियामक, म्हणजेच पेसमेकर, आर्ने लार्सन या त्रेचाळीस वर्षांच्या रोग्याच्या शरीरात बसविला. लार्सन दिवसातून अनेकदा बेशुद्ध पडत असे. पहिले यंत्र काही तासांतच बंद पडले, ते बदलावे लागले. पुढील आयुष्यात त्याने वीसहून अधिक यंत्रे वापरली आणि २००१ साली, यंत्र बनविणारा व बसविणारा या दोघांनंतर, वयाच्या शहाऐंशीव्या वर्षी तो निधन पावला. याची मंद नाडी खेळाडूची मंद नाडी समजून कोणी त्याची पाठ थोपटली असती, तर ती क्रूर थट्टा ठरली असती.

खेळाडूच्या मंद नाडीलाही काही मर्यादा आहेत, हे अलीकडच्या संशोधनाने दाखविले आहे. ज्या स्वीडनमध्ये हेन्शेन यांनी बोटांनी छाती तपासली, तेथेच १९२२ पासून नव्वद किलोमीटरची वासालोपेट ही स्कीची शर्यत चालते. तीत भाग घेणाऱ्यांचा मृत्युदर सर्वसाधारण जनतेपेक्षा कमी असल्याचे आढळले होते. परंतु बावन्न हजारांहून अधिक स्पर्धकांच्या पाहणीत २०१३ साली हेही दिसून आले की, ज्यांनी ही शर्यत वारंवार केली, त्यांच्यात हृदयाचा ताल बिघडण्याचे प्रमाण अधिक होते. २००८ साली स्वित्झर्लंडमध्ये निवृत्त व्यावसायिक सायकलपटूंची तपासणी झाली, तेव्हा त्यांच्यातही उतारवयात ठोक्याचा आरंभ करणाऱ्या त्या गाठीचे विकार अधिक सापडले. २०१४ साली मँचेस्टरच्या संशोधकांनी उंदरांवरील प्रयोगांतून असे मांडले की, दीर्घ सरावाने नाडी मंदावते ती केवळ व्हेगसच्या लगामामुळे नव्हे. त्या गाठीच्या पेशींतील विद्युत्‌प्रवाहाची घडणच बदलते. हा वाद अजून मिटलेला नाही. तथापि, बेताने आणि नियमाने व्यायाम करणाऱ्याने यावरून घाबरून जाण्याचे कारण नाही. वर्षानुवर्षे अतिरेकी श्रम करणाऱ्याने मात्र आपल्या शरीराचे बोलणे ऐकत राहिले पाहिजे.

मग अशा नाडीसह जगणाऱ्या श्रमशील माणसाने वागावे कसे? अमेरिकेतील हृद्रोगतज्ज्ञांच्या संस्थांनी २०१८ साली घालून दिलेले धोरण या बाबतीत मार्गदर्शक आहे. त्यांनी मंदतेची सीमा साठावरून पन्नासावर आणली. इतकेच नव्हे, तर अमुक आकड्याखाली नाडी गेली म्हणजे उपचार केलेच पाहिजेत, असा कोणताही आकडा नाही, असे स्पष्ट म्हटले. पाहावयाचे ते लक्षणांकडे. चक्कर येते काय, शुद्ध हरपते काय, पूर्वी सहज होणारे श्रम आता जड जातात काय, चढावर नाडी हवी तशी वाढते काय, घरात कोणास अल्पवयात अकस्मात मृत्यू आला आहे काय, हे प्रश्न आकड्याहून मोलाचे आहेत. धावताना किंवा व्यायामाच्या भरात आलेली मूर्च्छा तर कधीच उपेक्षू नये. नाडी पूर्वीपासून मंद आहे की अलीकडे एकाएकी मंदावली, यातही मोठा फरक आहे. अवटु ग्रंथीचे, म्हणजे थायरॉइडचे, काम मंदावले तरी नाडी उतरते. रक्तदाबावर व हृदयविकारावर दिल्या जाणाऱ्या काही औषधांनीही ती उतरते. डिजिटॅलिस या वनस्पतीच्या अतिरिक्त मात्रेने नाडी मिनिटाला पस्तिसांपर्यंत खाली येते, हे तर विल्यम विदरिंग यानेच १७८५ साली सांगून ठेवले आहे.

म्हणून ज्याची नाडी मंद आहे अशा व्यायामप्रेमी माणसाने दोन-तीन साध्या गोष्टी पाळाव्यात. सकाळी उठल्यावर, अंथरूण सोडण्यापूर्वी, पूर्ण एक मिनिट नाडी मोजून टिपून ठेवावी. त्यामुळे आपली नेहमीची गती कोणती हे कळते आणि बदल झाला तर तोही कळतो. प्रकृती उत्तम असता एकदा हृदयाचा विद्युत्‌आलेख काढून तो जपून ठेवावा; पुढे अपरिचित डॉक्टरांपुढे जाण्याचा प्रसंग आला, विशेषतः शस्त्रक्रियेपूर्वी भूल देण्याची वेळ आली, तर तो दाखवावा आणि आपण रोज किती श्रम करतो हे आपण होऊन सांगावे. आजारात ‘नाडी ऐंशी, म्हणजे ठीक’ असे कोणी म्हणाले, तर ज्याची नेहमीची नाडी चव्वेचाळीस आहे त्याच्या बाबतीत तो आकडा ठीक नसतो, हेही ध्यानात असावे.

वल्हेकऱ्यांची पत्ते शोधून काढणारा मॉर्गन, बोटांनी हृदयाची सीमा आखणारे हेन्शेन, धावपटूला अंथरुणात न डांबता त्याचे आयुष्यभराचे हृदय पाहणारे व्हाइट, या सर्वांनी एकच गोष्ट केली: आकड्यावर निकाल देण्यापूर्वी त्यांनी माणसाकडे पाहिले. डी-मारला १९११ साली ती मिळाली नाही आणि त्याची उमेदीची वर्षे शंकेत गेली. शार्ङ्गधराच्या वैद्यापाशी मिनिटकाटा नव्हता. तरी समोरचा माणूस भुकेला आहे की तृप्त, क्षीण आहे की बलवान, एवढे विचारल्यावाचून तो नाडीचा अर्थ लावीत नसे. आज मिनिटकाटा प्रत्येकाच्या मनगटावर आहे. त्याच मनगटावर ठेवलेल्या बोटांनी तो जुना प्रश्नही विसरू नये.